वाचकांचे प्रश्न : केळकरांचे तिलकचरित्र कसे वाचावे?

प्रश्न : न. चिं. केळकर आधी टिळकांचे सहकारी, मग स्वराज्य पक्षात, पुढे हिंदू महासभेचे अध्यक्ष. एम.ए.च्या निबंधात हा प्रवास मांडायचा आहे. त्यांच्या तिलकचरित्रावर कितपत भिस्त ठेवावी? (वाचक, कर्वेनगर)

उत्तर : घटनाक्रमासाठी खुशाल ठेवा. १८९६ पासून ते टिळकांच्या जवळ होते. १९१९-२० च्या अन्वयार्थाला मात्र जपून हात घाला. चरित्राचा पहिला खंड १९२३चा, उरलेले दोन १९२८चे. मधल्या काळात लेखकाचेच राजकारण तापले होते. स्वराज्य पक्षाचे धोरण सरकारी पदे न घेण्याचे. तरी ऑक्टोबर १९२५ मध्ये मध्यप्रांतात त्याच पक्षाच्या तांब्यांनी सरकारी कार्यकारी मंडळातली जागा स्वीकारली, पक्षनेते मोतीलाल नेहरू संतापले. केळकर आणि पक्षातलेच जयकर, मुंजे तांब्यांच्या बाजूने गेले आणि १९२६ मध्ये प्रतियोगी सहकारितेचा वेगळा पक्ष निघाला. हे नाव टिळकांनी १९१९च्या अमृतसर काँग्रेसमध्ये घेतलेल्या भूमिकेतले : सरकार जितके सहकार्य देईल तितकेच आपण द्यायचे. म्हणजे शेवटच्या वर्षातले टिळक कौन्सिलांकडे (कायदेमंडळांकडे) झुकलेले दाखवण्यात चरित्रकाराचा स्वतःचा लाभ होता.

म्हणून तो भाग मूळ मजकुराशी ताडा. अमृतसरनंतरचा ‘केसरी’चा पहिला मंगळवारचा अंक ६ जानेवारी १९२०चा, तिथून सुरुवात करून एप्रिलमधल्या टिळकांच्या काँग्रेस लोकशाही पक्षाच्या जाहीरनाम्यापर्यंत या. प्रत्येक अंकाची तारीख, कौन्सिल-निवडणुकीबद्दलचे वाक्य आणि चरित्रातले त्याचे रूप शेजारी-शेजारी लिहा. ‘गतगोष्टी’ हे केळकरांचे १९३९चे आत्मचरित्र म्हणजे त्याहून उशिराचे आत्मसमर्थन. १९२०चा पुरावा म्हणून वापरू नका.

हमखास फसगत होते ती बिनसहीच्या अग्रलेखांत. टिळक मंडालेत (१९०८-१४) असतानाचे लेख टिळकांचे नाहीत, इतके नक्की. पण म्हणून ते केळकरांचेच, असे होत नाही. नाटककार कृ. प्र. खाडिलकरही ‘केसरी’तच लिहीत होते. स्वतंत्र पुरावा नसेल तर ‘केसरीचा अग्रलेख’ एवढेच लिहावे.

आमचे मत विचाराल तर कौन्सिलांच्या प्रश्नावर केळकर फारसे हललेच नाहीत. खरे वळण महासभेचे, निबंधाची निम्मी पाने त्यालाच द्या. तुलनेला खाडिलकर घ्या : त्याच कचेरीतून निघून ते गांधींकडे गेले, १९२३ मध्ये त्यांनी ‘नवाकाळ’ काढला.

प्रश्न : केळकरांचे साहित्य बाजीराव रस्त्यावरच्या केळकर संग्रहालयात पाहायला मिळेल का? (वाचक, हडपसर)

उत्तर : नाही. ते दिनकर केळकर. संग्रह दिवे, अडकित्ते, वाद्ये अशा वस्तूंचा. तुम्ही नारायण पेठेत केसरीवाड्यात चौकशी करा, आणि जाताना हव्या असलेल्या अंकांच्या तारखा लिहून न्या.