मेलमधला फोटो मला दिसतो, ग्राहकांना का दिसत नाही?

तुमचं वर्णन वाचून माझीच मागची एक दिवाळी आठवली. तुम्ही म्हणताय, ऑफरचा मेल ब्राउझरमध्ये उघडला की फोटो छान दिसतो, पण जीमेलवर पाठवला की रिकामा चौकोन. फोटो बहुधा बेस-६४ करून, म्हणजे अक्षरांत बदलून, थेट एचटीएमएलमध्ये (मेलच्या कोडमध्ये) चिकटवलाय. फोटोच्या टॅगमधल्या 'सोर्स'मध्ये (src) 'डेटा:इमेज' आणि पुढे अक्षरांचा ढीग असेल, तर तेच. ब्राउझरला हे चालतं. जीमेल दाखवत नाही, डेस्कटॉपवरचं जुनं आउटलुकही नाही.

मावशीच्या फराळाच्या ऑर्डरींसाठी मी हेच करून बसलो होतो. चकलीचा ३०० केबीचा फोटो बेस-६४ झाल्यावर ४०० केबी झाला. जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढचं एचटीएमएल कापतं. फोटो तर गेलाच, पण खाली लिहिलेला ऑर्डरचा फोन नंबरही गेला! दोन दिवस मावशी विचारत होती, 'अरे, कुणाचाच फोन कसा नाही?'

मग सीआयडी करून पाहिलं, म्हणजे फोटो अटॅचमेंट म्हणून जोडायचा आणि मेलमध्ये त्याचा उल्लेख करायचा. जीमेलवर दिसला, पण काही जणांना वर पेपरक्लिप दिसली आणि प्रत्येक मेल जड झाला. दहा-वीस जणांना पाठवायचं असेल तर चालेल, शेकड्यांनी पाठवायला नको.

शेवटी सरळ फोटो सर्व्हरवर ठेवून एचटीटीपीएस लिंक दिली. इथेही एक फसगत आहे. गुगल ड्राइव्हची शेअर लिंक देऊ नका, ती फोटो नाही तर फोटोचं पान उघडते. लिंक ब्राउझरच्या इन्कॉग्निटो (खासगी) विंडोमध्ये उघडा. लॉगिन न मागता नुसता फोटो आला, आजूबाजूला बटणं-बिटणं काही नाहीत, तरच ती खरी लिंक. फाइलच्या नावात स्पेस किंवा मराठी अक्षरंही टाळा.

आणि हो, फोटोतला भाव चुकला म्हणून त्याच नावाने नवीन फाइल चढवू नका. जीमेल २०१३पासून फोटो स्वतःच्या सर्व्हरमार्फत दाखवतं आणि साठवूनही ठेवतं. मी ४२०चे ४८० केले, तरी काहींना ४२०च दिसत राहिले, आणि मावशीने त्यांना त्याच भावात चकली दिली. नाव बदलून चढवा, 'chakli-2' वगैरे, आणि मेलमध्ये लिंकही नवी द्या.

त्या जुन्या आउटलुकसाठी 'विड्थ' (रुंदी) फोटोच्या टॅगमध्येच लिहा, ६०० वगैरे. सीएसएसमधलं (मांडणीच्या कोडमधलं) मॅक्स-विड्थ ते जुमानत नाही. वेबपी फोटोही त्याला चालत नाही, जेपीजी किंवा पीएनजी वापरा. शिवाय बाहेरचे फोटो ते बऱ्याचदा आपणहून उतरवतच नाही, म्हणून भाव आणि फोन नंबर फोटोत न कोंबता मजकुरात लिहा, आणि 'ऑल्ट'मध्ये (फोटो न दिसल्यास दिसणारा मजकूर) 'भाजणीची चकली, अर्धा किलो' असं काहीतरी टाका.

एवढं करूनही फोटो आला नाही, तर जीमेलमध्ये तीन टिंबांवर क्लिक करून 'शो ओरिजिनल' उघडा आणि फोटोच्या 'सोर्स'ची (src) ओळ इथे टाका. लिंकमधलं तुमचं नाव-पत्ता तेवढं पुसून.