सोलापुरात माजी सैनिक आणि वीरपत्नींसाठी काम करणाऱ्या छोट्या संस्थेने निधी उभारायला वेगळं काय करावं?

आधी ऑर्केस्ट्रा डोक्यातून काढा. ध्वजदिनाला देणगीचे डबे फिरवून काही जमत नाही, म्हणून देशभक्तिपर गाण्यांचा कार्यक्रम ठेवावा का, असं तुम्ही विचारलंय. हॉलचं भाडं, साउंड, वादकांचं मानधन, फ्लेक्स, पाहुण्यांच्या शाली-नारळ वजा केलं की शिल्लक राहतात ते फोटो. फुकट पासावर आलेला माणूस देणगी देत नाही, पहिली रांग मागतो.

डबे न चालण्याचं कारण सरळ आहे. ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून चालत आलाय आणि तो निधी सरकारी. इथे तो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत कचेऱ्या-शाळांतून गोळा होतो. ऑफिसात एकदा पैसे दिलेल्या माणसासमोर त्याच आठवड्यात तुम्ही दुसरा डबा धरता. त्या दिवसाचं नाव आणि तारीख दोन्ही सोडा, जानेवारीत या.

आणि हुरडा विका. सोलापूरकर हुरड्याला नाही म्हणत नाही, त्याला फक्त शेत आणि वेळ सांगायची असते. आमच्या संस्थेतल्या निम्म्यांना हे 'संस्थेला न शोभणारं' वाटलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तयारी सप्टेंबरात सुरू होते, डिसेंबरात नाही. शहरापासून तासाभराच्या आत, शक्यतो एखाद्या माजी सैनिकाचंच शेत बघा आणि पेरणीआधी बोला. वाण गूळभेंडी किंवा सुरती घ्या. मालदांडी भाकरीला उत्तम, पण तिचा दाणा चोळल्यावर बोंडातून सहज सुटत नाही आणि लोक कुरकुरतात. ४५ बाय १५ सेंटीमीटर अंतराने गुंठ्यात ज्वारीची साधारण १,५०० ताटं बसतात, ताटाला एक कणीस. माणशी पाच कणसं धरली तर १५० माणसांना ७५० लागतात. म्हणजे अर्धा-पाऊण गुंठा पुरेल असं कागदावर दिसतं. पुरत नाही, कारण एका दिवशी सगळी कणसं हुरड्याला आलेली नसतात आणि पाखरं त्यांचा वाटा घेतातच. दोन गुंठे राखा, आणि तेही दहा-दहा दिवसांच्या अंतराने दोन पट्ट्यांत पेरलेले. आमचा पहिला बेत इथेच फसला: एकच पट्टा होता, कार्यक्रम एक आठवडा पुढे गेला आणि ज्वारी कडक झाली. शेतकऱ्याला या गुंठ्यांचा बाजारभावाने मोबदला द्या. तो माजी सैनिक असला तरी द्या. त्याच्यासाठीच निधी गोळा करायचा आणि त्याचंच पीक फुकट खायचं, हे बरं दिसत नाही.

आदल्या दिवशी दाणा नखाने दाबून बघायचा. दूध उडालं तर अजून कोवळा आहे. नख उमटून आत मऊ, पिठूळ गर दिसला तर बरोबर. नख रुतलंच नाही तर दुसऱ्या पट्ट्यात जा.

आगट्या, म्हणजे गोवऱ्या पेटवून कणसं भाजायचे खड्डे, सहा तरी हव्यात, पंचवीस माणसांमागे एक. प्रत्येकीला एक भाजणारा आणि दोन चोळणारे. गोवऱ्या वाळलेल्या आणि एक दिवस आधी आणून झाकून ठेवलेल्या असाव्यात. ओलसर गोवरीच्या धुराने हुरडा कडवट लागतो. जाळावर नाही, निखाऱ्यात भाजायचं, म्हणून पाहुणे यायच्या तासभर आधी आगटी पेटवा. कणीस गरम असतानाच पोत्यावर चोळून सुपात पाखडायचं, गार झालं की दाणा अडतो. इथेच रांग लागते आणि लोक वैतागतात. म्हणून ९, १० आणि ११ अशा तीन वेळा कूपनवरच छापा. सोबत शेंगदाणा चटणी, दही, गूळ, बोरं, उसाचे करवे. बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय शेतावर नसेल तर कार्यक्रमच ठेवू नका.

तारीख: सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेचा, म्हणजे संक्रांतीचा आठवडा टाळा, तेव्हा शहर होम मैदानावर असतं. त्याआधीचा रविवार धरा किंवा प्रजासत्ताक दिनाआधीचा.

आता पैसे. कूपन ४०० रुपये ठेवलं तर माणशी खर्च २०० च्या आत बसवा. १५० माणसांमागे ३०,००० सुटतात. पण खरी कमाई कूपनची नाही, बाहेर पडताना ठेवलेल्या टेबलाची. तिथे 'सढळ हाताने मदत करा' लिहू नका, आकडा लिहा: पुण्याच्या लष्करी कमांड हॉस्पिटलला रुग्ण आणि सोबतचा एक, रेल्वे, रिक्षा, एक मुक्काम, एकूण इतके. पोट भरलेला माणूस हिशेब वाचतो आणि एका फेरीचे पैसे देऊन जातो.

मात्र कूपनच्या पैशांवर ८०जीची, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीची पावती देऊ नका. त्याने पैशाच्या बदल्यात हुरडा खाल्लाय, ती देणगी नव्हे. टेबलावरच्या देणगीची पावती वेगळी, आणि २,००० वरची रोख देणगी त्याला सवलतीला चालत नाही, हे आधीच सांगा. नुसता क्यूआर लावून मोकळे झालात तर पैसे येतात, पण पूर्ण नाव, पत्ता, पॅन येत नाही. वर्षअखेरीस देणगीदारांचं विवरण भरताना डोक्याला हात लावून बसता. क्यूआरशेजारी वही आणि ती भरून घेणारा माणूस बसवा. निवृत्त सुभेदार किंवा हवालदार सापडला तर उत्तम, तो एकही रकाना रिकामा सोडत नाही.

विकायची दुसरी चीज टॉवेल. सगळ्यांना सुचते आणि बहुतेक तिथेच चुकतात: टॉवेलवर तिरंगा. १९७१ च्या राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंध कायद्यात रुमाल, नॅपकिन, कपडे यांवर राष्ट्रध्वज छापणं वा भरणं अवमानात मोडतं, आणि टॉवेल त्याच जातीतला. साधा पांढरा टेरी टॉवेल घ्या, ३० बाय ६० इंची, साडेचारशे ग्रॅमच्या आसपासचा, आणि कोपऱ्यात संस्थेचं कापडी लेबल शिवा. विणकामातच नाव हवं असा हट्ट नको. शंभर नगांसाठी कुणी माग थांबवून डिझाइन बदलत नाही, विणीतच नक्षी येणाऱ्या जकार्डच्या चादरीत तर नाहीच. गडद रंग नको, पहिल्या धुण्यात उतरला की तक्रार तुमच्याकडे. दिवाळीच्या भेटींसाठी ऑर्डर गणपतीआधी द्या. चटणी-कडक भाकरीचे खोकेही चालतात, पण अन्न परवाना असलेल्या बचत गटाकडूनच घ्या.

कंपन्यांकडे जायचं असेल तर एवढं माहीत असू द्या: माजी सैनिक, युद्धविधवा आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांसाठीचं काम कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चात (सीएसआर), स्पष्ट लिहिलेलं आहे. तुमची सीएसआर-१ नोंदणी (असा निधी घ्यायला संस्थेला लागणारी) आणि तीन वर्षांचं काम दाखवता आलं पाहिजे.

राहिलेलं एक, खरं तर आधी लिहायला हवं होतं. कूपनवर लकी ड्रॉ काढू नका; पैसे घेऊन सोडत म्हणजे खासगी लॉटरी, आणि ती गुन्हा आहे. लष्करी कँटीनचा माल लिलावात ठेवायची आयडिया कुणी दिली तर हात जोडा. स्वयंसेवकांना लष्करी गणवेशासारखे कपडे घालू नका.

आणि वीरपत्नींना व्यासपीठावर बसवून त्यांच्या दुःखावर निवेदकाला गळा काढू देऊ नका. आमच्यातले एक ज्येष्ठ अजून म्हणतात की सत्कार नसेल तर मोठे देणगीदार येत नाहीत. काही येत नाहीत, मान्य. पण सत्काराला आलेल्या मोठ्यांपैकी चेक किती जणांनी दिला, ही यादी मी दरवर्षी मागतो आणि ती अजून मिळालेली नाही. त्या बायकांना पोराबाळांसह, कूपन न घेता, नऊच्या पहिल्या फेरीला बोलवा. तेव्हा हुरडा सगळ्यात चांगला असतो.