नागपूर सोडून तलावाकाठच्या गावात राहायला जावं का?

निवृत्तीनंतर भंडारा-गोंदियाकडे तलावाकाठी घर घेतलं तर करमेल का आणि दवाखाना-बाजाराचं भागेल का, असं तुम्ही विचारलंय. मी साकोली तालुक्यातल्या अशाच एका गावात सहा वर्षांपासून राहतो. बायकोचं माहेर आहे, त्यामुळे गाव मला अजून जवाईबापूच म्हणतं.

करमेल. पण घर बघायला हिवाळ्यात येऊ नका. तेव्हा तलाव भरलेला असतो, बदकं उतरलेली असतात, माणूस भुलतो. मे महिन्यात या. पाणी पार मधे गेलेलं, काठावर भेगाळलेला गाळ, त्यात म्हशी आणि जिकडेतिकडे बेशरमाची झुडपं. हे बघूनही राहावंसं वाटलं तरच पुढचं बोलू.

इथले बरेचसे तलाव मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वी मालगुजारांच्या, सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यातले. कोहळी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधले ते धानासाठी. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, पण पाण्यावर पहिला हक्क आजही बांधीतल्या धानाचा. पावसानं दडी मारली की पाट सोडतात आणि तुमच्या खिडकीतला तलाव आठवड्याभरात खाली बसतो. तक्रार करायची सोय नाही. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, खालच्या अंगाला प्लॉट स्वस्तात मिळतो, तो मात्र घेऊ नका. आम्ही तिथं दोन वर्षं भाड्यानं काढली. भिंतीला कमरेएवढी ओल, आणि श्रावणात न्हाणीघरात धोंड्या साप.

शांततेचं म्हणाल तर जुलैत रात्रभर बेडूक, आणि दिवाळीनंतर मंडई, म्हणजे इकडची गावजत्रा. गावोगावी नाटकं, पहाटेपर्यंत भोंगा. पहिल्या वर्षी मी कानात कापूस घालून झोपलो, आता खुर्ची घेऊन जातो.

'जवळ' हा शब्द जरा तपासून घ्या. साकोली आम्हाला १२ किलोमीटर, भंडारा पन्नासेक, हायवे लागला की नागपूर अडीच तास. कागदावर छानच. पण संध्याकाळची शेवटची एसटी गेली की ते १२ किलोमीटर लांबतात. बायकोच्या छातीत दुखलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. शेजाऱ्यानं पिकअपमधली धानाची पोती उतरवली आणि आम्हाला नेलं. ते दुखणं पित्ताचं निघालं. त्यानंतर मी आधी सेकंडहँड गाडी घेतली, मग घराला रंग दिला.

बाकी, ऑगस्टमध्ये एखाद्या सकाळी दार वाजतं. "जवाईबापू, तलाव ओव्हरफ्लो झाला ना जी!" सगळं गाव सांडव्यावर. पोरं जुनी मच्छरदाणी धरून उभी, चढत्या मासोळ्यांसाठी. एरवी मात्र तलावात गळ टाकू नका. मासेमारीचा ठेका ढिवरांच्या सोसायटीकडे असतो. सकाळी पाळीवर तेच तोलून विकतात. भांडं घरून न्या, आठनंतर काही उरत नाही.