जमिनीवर गेल्यावर कोणते डाव धरायचे?

तू तालमीतून ब्राझिलियन जिउ-जित्सूकडे (जमिनीवर धरून, सांधा अडकवून किंवा गळा आवळून हार मानायला लावायची झुंज) आलायस, म्हणून आधी एक सवय सोड. कुस्तीत पाठ टेकली की चितपट, त्यामुळे खाली गेलास की तू पालथा पडतोस. इथे तेच सगळ्यात महागात पडतं. समोरचा पाठीवर चढतो, टाचा तुझ्या मांड्यांत अडकवतो आणि मागून गळा आवळतो. पाठ टेकू दे, पण त्याच्या-तुझ्यामध्ये गुडघे आणि पाय असू देत. त्यालाच गार्ड म्हणतात.

पहिलं वर्ष डाव गोळा करत बसू नकोस. माउंटखालून, म्हणजे समोरचा छाती-पोटावर स्वार होऊन बसला असताना, सुटायच्या दोन वाटा पक्क्या कर: ब्रिज, म्हणजे कंबर जोरात उचलून त्याला उलथवणं, आणि कोपर-गुडघा जुळवत कंबर बाजूला सरकवणं. सुटता येतं तो घाबरत नाही, मग हल्लाही मोकळा होतो.

डाव भरवशाचा आहे का, हे मी एकाच गोष्टीवरून ठरवतो. फसला तरी मी वरच राहतो का? माउंटवरून आर्मबार (हात ताणून कोपर उलटं वाकवणं) फसला की बहुतेक वेळा आपणच खाली येतो. कॉलर चोक (त्याच्याच कॉलरने गळा आवळणं) फसला तर जागा सहसा टिकते. जिउ-जित्सूचा जगज्जेता रॉजर ग्रेसी याने 2009 च्या जागतिक स्पर्धेत समोर आलेल्या प्रत्येकाला माउंटवरच्या याच चोकने हरवलं, आणि हा डाव नवख्यांनाही शिकवतात!

हील हुकला, म्हणजे टाच धरून पाय पिळण्याच्या डावाला, मात्र अजून हात लावू नकोस. दुखायला लागेपर्यंत गुडघ्याचं लिगामेंट फाटलेलं असू शकतं. टॅप करायला, म्हणजे हाताने थोपटून हार मानायला, लाजू नकोस. मी एकदा हट्टाने थांबलो, तर कोपर दुखावलं आणि दोन महिने मॅटवर उतरता आलं नाही.