मोठ्या निगेटिव्हचा शार्पनेस: वाचकांचे प्रश्न

हॅसलब्लाड ५०० सी/एम की मामिया आरबी ६७? कोणता जास्त शार्प? ४० बाय ५० सेंटिमीटरचे प्रिंट काढायचे आहेत. (दादर)

लेन्स दोन्हीकडे उत्तम आहेत, त्यामुळे निवड प्रिंटच्या आकारावर करा. हॅसलब्लाडची निगेटिव्ह साधारण ५६ बाय ५६ मिलिमीटर. तुमच्या प्रिंटसाठी ती कापावी लागेल आणि प्रतिमा सुमारे ९ पट मोठी करावी लागेल. मामियाची ५६ बाय ७०च्या आसपास, तिथे ७ पटींत भागतं आणि दाणाही (फिल्मचे बारीक ठिपके) तेवढा कमी दिसतो. म्हणून मी मामिया घेईन. चौकोनी प्रिंट काढणार असाल तर मात्र हा फायदा उरत नाही. मग हलका हॅसलब्लाडच बरा.

पेंटॅक्स ६७ ट्रायपॉडवर आहे, तरी १/१५ सेकंदाला फोटो हलतो. लेन्स बदलू? (मुलुंड)

अजिबात नको! या कॅमेऱ्याचा दृश्य दाखवणारा आरसा भला मोठा आहे. तो उसळला की सगळा कॅमेरा हादरतो. मिरर लॉकअप (आरसा वर अडकवून ठेवायची सोय) असेल तर आरसा आधी वर करा, दोन-तीन सेकंद थांबा आणि केबल रिलीजने (कॅमेऱ्याला हात न लावता शटर सोडणारी तार) शटर सोडा. सुरुवातीच्या मॉडेलांत ही सोय नव्हती. तसा तुमचा असेल तर १/१२५ किंवा त्याहून जलद शटर ठेवा. पडद्याच्या शटरचाही थोडा धक्का असतोच, लांब लेन्सवर तो जास्त जाणवतो. हॅसलब्लाड आणि आरबीमध्ये शटर लेन्समध्येच असल्याने तो धक्का कमी, आणि दोन लेन्सच्या रोलायफ्लेक्सचा आरसा तर हलतच नाही. कॅमेऱ्यांची तुलना करताना हे विसरलं, की लोक धक्क्याचा दोष काचेवर ढकलतात. दोन कॅमेरे ताडून पाहायचे तर दोन्हींत एकाच जातीची फिल्म घाला, सकाळी गच्चीवरून समोरच्या इमारतीच्या खिडक्यांच्या जाळ्या टिपा. दुपारी तापलेल्या हवेची थरथर आणि धुरकं चाचणी बिघडवतात.

आजोबांचा याशिका मॅट १२४ जी आहे. फोटो दुधाळ येतात. (गिरगाव)

शटर बी-वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहणारी खूण) उघडं ठेवून खालच्या लेन्समधून टॉर्च मारा. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी. मुंबईच्या पावसाळ्यात कातडी केसमध्ये ठेवलेल्या कॅमेऱ्यांना ती हमखास लागते. ती प्रकाश पसरवते, कॉन्ट्रास्ट जातो आणि फोटो मऊ वाटतो. साफसफाई जाणकाराकडूनच करून घ्या, मात्र कोटिंग खाल्लं गेलं असेल तर डाग राहतील. पुढे केस सोडा, हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. लेन्स स्वच्छ झाली की एफ ८ ते ११वर टिपा (एफचा आकडा मोठा, तितकं लेन्सचं छिद्र लहान). एफ ३.५वर कोपरे मऊ येतात, एफ २२वर विवर्तनाने (लहान छिद्रातून प्रकाश पसरल्याने) सगळंच.

लॅबच्या स्कॅनमध्ये सगळे कॅमेरे सारखेच दिसतात. (ठाणे)

लहान स्कॅनमध्ये फरक दिसणारच नाही. निगेटिव्ह लाइट टेबलवर ठेवून १० पट लूपने (डोळ्याला लावायचं भिंग) पाहा. फ्लॅटबेड स्कॅनरच्या खोक्यावरच्या डीपीआयवरही (दर इंचातले ठिपके) जाऊ नका, प्रत्यक्षात मिळणारा तपशील त्याहून बराच कमी असतो.