सायक्लोअ‍ॅडिशनमधे ४+२ नुसतं तापवून होते, मग २+२ ला लाईट का लागतो?

सायक्लोअ‍ॅडिशन म्हणजे दोन रेणू दोन्ही टोकांनी जोडले जाऊन रिंग तयार होणं. बेरीज सहा आली तर तापवून आणि चार आली तर लाईटने, हा नियम पाठ आहे पण कारण कळत नाही, आणि ३+२ चे तर पाच होतात मग ती कशी चालते, असं तुम्ही विचारलंय. प्रश्न एकदम रास्त आहे. मी दादरला बीएस्सीच्या मुलांना ऑरगॅनिक शिकवते, त्यामुळे जसं फळ्यावर सांगते तसंच लिहिते.

आधी आकड्यांचं बघू. ४+२ मधे ब्युटाडाईनचे कार्बन पण चार आणि पाय इलेक्ट्रॉन (डबल बाँडमधले, रिअ‍ॅक्शनमधे भाग घेणारे) पण चार, त्यामुळे आपण नक्की काय मोजतोय हे कुणी विचारतच नाही. ३+२ मधले आकडे अणूंचे आहेत. अझाईडचे तीन नायट्रोजन आणि अल्काईनचे दोन कार्बन मिळून पाचाची रिंग होते, पण भाग घेणारे इलेक्ट्रॉन चार आणि दोन, म्हणजे सहाच! नियम इलेक्ट्रॉनला लागतो, म्हणून ती पण तापवून होते. (२०२२ चं नोबेल मिळालं त्या क्लिक केमिस्ट्रीतली गाजलेली रिअ‍ॅक्शन हीच, फक्त तिथे कॉपर घालतात.)

आता कारण. दोन रेणू एकाच वेळी दोन्ही टोकांनी जोडले जातात, मधे कार्बोकॅटायन वगैरे कुठला टप्पा नाही, म्हणून दोन्ही टोकांना फेज, म्हणजे ऑर्बिटलचं प्लस-मायनस चिन्ह, जुळायलाच हवी. वहीत काढा: एकाचा होमो (सगळ्यात वरचं भरलेलं ऑर्बिटल), दुसऱ्याचा लुमो (सगळ्यात खालचं रिकामं ऑर्बिटल), आणि फक्त टोकाचे लोब, म्हणजे ऑर्बिटलचे फुगीर भाग, बघा. ब्युटाडाईनच्या होमोत एका टोकाला वरचा लोब प्लस तर दुसऱ्या टोकाला मायनस, इथिलीनच्या लुमोतही प्लस-मायनस, म्हणजे जुळलं. दोन इथिलीन घेतले तर एकाचा होमो प्लस-प्लस आणि दुसऱ्याचा लुमो प्लस-मायनस, एक टोक जुळतं आणि दुसरं अडतं. लाईट टाकला की एका इथिलीनचा एक इलेक्ट्रॉन वर लुमोत जातो, आता त्याचं वरचं भरलेलं ऑर्बिटलच प्लस-मायनस झालं, समोरचा लुमो पण तसाच, काम झालं. उन्हातल्या यूव्हीने आपल्या डीएनएमधले शेजारचे दोन थायमिन जोडले जातात ती पण २+२ च.

४+२ रिअ‍ॅक्शन ज्यांच्या नावाने ओळखतात त्या डिल्स आणि आल्डर यांचा पेपर १९२८ चा, नोबेल १९५०. पण हे फेजचं गणित वुडवर्ड-हॉफमन यांनी १९६५ मधे मांडलं, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं लोक रिअ‍ॅक्शन करत होते आणि ती का होते याचं नीट उत्तर नव्हतं, मला हे फार भारी वाटतं.

जमलं तर कॉलेजमधे सायक्लोपेंटाडाईनचं प्रॅक्टिकल नक्की बघा. ते बाटलीत टिकत नाही, स्वतःशीच ४+२ करून डायमर (दोन रेणूंची जोडी) होतं. डायमर ३३ अंशांच्या आसपास वितळतो, म्हणजे एसी लॅबमधे घट्ट आणि मुंबईच्या मे महिन्यात एसी बंद पडला की पातळ. १७० च्या आसपास तापवला की उलटी रिअ‍ॅक्शन होऊन मोनोमर (सुटा सायक्लोपेंटाडाईन) मिळतो, तो ४१ अंशांना उकळतो म्हणून बर्फात गोळा करायचा आणि लगेच वापरायचा. मलेइक अ‍ॅनहायड्राईडमधे घातला की फ्लास्क आपोआप गरम होतो आणि पांढरे स्फटिक पडतात. इतकं पटकन का होतं, तर रिंगमुळे डाईन (दोन डबल बाँडवालं) एस-सिसमधेच, म्हणजे दोन्ही डबल बाँड एकाच बाजूला अशा आकारात, अडकलेलं असतं आणि दोन सी-ओ ग्रुपमुळे समोरचा लुमो खाली आलेला असतो. साध्या ब्युटाडाईन-इथिलीनला मात्र चांगलंच तापमान आणि प्रेशर लागतं.

एक गोष्ट पेपरात लिहिताना सांभाळा, २+२ तापवून "होतच नाही" असं लिहू नका. बंदी आहे ती दोन्ही रेणू एकाच बाजूने, एकदम जुळण्याला. कीटीन (एकाच कार्बनवर सी-सी आणि सी-ओ असे दोन डबल बाँड असलेला रेणू) तापवून २+२ करतात, कारण ते वेगळ्या पद्धतीने जवळ येतं.