जर्सीच्या जुन्या पत्त्यावर कोर्टाचं पाकीट आलंय, आणि तुम्ही पुण्यात

नमस्कार,

तुमचा मेल दोनदा वाचला. थोडक्यात प्रश्न असा: २०२२ मध्ये न्यू जर्सीतला जॉब गेला, सहा महिने दोन क्रेडिट कार्डांवर घर चाललं, मग तुम्ही सगळे पुण्याला परत आलात. एक कार्ड फेडलं, दुसरं राहिलं. त्यावर शेवटचा हप्ता ऑक्टोबर २०२२ मध्ये भरलाय. आता ते कर्ज विकत घेतलेल्या कंपनीने ११,६४० डॉलरचा दावा लावलाय आणि कोर्टाचं पाकीट तुमच्या मित्राच्या घरी आलं कारण बँकेकडे तुमचा तोच पत्ता होता. मित्र म्हणतो फेकून दे, इंडियापर्यंत कोण येतंय. मिसेस म्हणतात एफडी मोडू आणि सगळं भरून मोकळं होऊ, रात्री झोप तरी लागेल. वर पुढच्या वर्षी कंपनी तुम्हाला एल-वनवर (कंपनीच्याच बदलीचा अमेरिकन व्हिसा) परत पाठवायची शक्यता आहे. दोघांपैकी कोणाचं ऐकू, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत, दोघांचंही नको. आधी कोर्टात उत्तर दाखल करा, पैशाचं नंतर बघू. पाकिटावरच्या तारखेवरून तुमच्या हातात अजून सतराएक दिवस आहेत असं दिसतंय आणि हे सतरा दिवस तुमच्या एफडीपेक्षा जास्त मोलाचे आहेत, खरंच.

तुमचा दावा स्पेशल सिव्हिल पार्टमध्ये, म्हंजे न्यू जर्सी कोर्टाच्या लहान रकमेच्या दाव्यांच्या विभागात आहे, तिथे २०,००० डॉलरपर्यंतची प्रकरणं चालतात. सर्व्हिस झाल्यापासून, म्हंजे समन्स बजावल्यापासून ३५ दिवसांत उत्तर द्यायचं असतं, नाही दिलं तर समोरचा डिफॉल्ट (एकतर्फी निकाल) मागतो आणि मग तुमची बाजू न ऐकताच जजमेंट होऊन जातं. ते जजमेंट न्यू जर्सीत २० वर्षं जिवंत राहतं, वर व्याज चढतं ते वेगळं. म्हंजे आज जे ११,६४० आहे आणि ज्याच्यावर अजून घासाघीस होऊ शकते, ते एकदा जजमेंट झालं की पक्कं कर्ज होतं, मग समोरच्याला तुमच्याशी गोड बोलायची काही गरजच उरत नाही.

आता तुमच्या मित्राचं. त्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे आणि हे अर्धं बरोबर असणंच जास्त धोक्याचं. आपल्या सिव्हिल प्रोसिजर कोडच्या कलम ४४अ मध्ये काही देशांच्या कोर्टाचे निकाल इथे सरळ वसुलीला लावता येतात, त्यात यूके आहे, सिंगापूर आहे, २०२० पासून यूएई पण आहे (दुबईत कार्ड बुडवून आलेल्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं), पण अमेरिका नाहीये. अमेरिकन निकाल इथे वसूल करायचा तर त्यांना इथे नवा दावा लावावा लागतो, तोही निकालापासून तीन वर्षांत, आणि कलम १३ म्हणतं की गुणदोष न बघता दिलेला परदेशी निकाल इथे निर्णायक मानायचा नाही. एकतर्फी डिफॉल्टचं बहुतेकदा तसंच असतं. साडेअकरा हजार डॉलरसाठी एवढा खटाटोप करायला पुण्याच्या कोर्टात कोणी येईल असं मला वाटत नाही. इथला फ्लॅट, पीएफ, पगार याची काळजी सोडा.

पण तुमचं सगळं इथे थोडंच आहे? तिथल्या चेकिंग अकाउंटमध्ये ३,१०० डॉलर आहेत, ४०१के मध्ये (नोकरीतून काढलेलं तिथलं निवृत्तीचं खातं) ३८,००० आहेत आणि सगळ्यात मोठं म्हणजे पुढच्या वर्षीचा पगार. जजमेंट हातात असेल तर चेकिंग अकाउंटवर लेव्ही, म्हंजे जप्ती येते, एक दिवस अकाउंट उघडता आणि पैसे अडकलेले असतात. ४०१के प्लॅनच्या आत असेपर्यंत अशा धनकोंपासून फेडरल कायद्यानेच सुरक्षित आहे, तिथे हात लागत नाही. मात्र तेच पैसे काढून चेकिंगला टाकले की ते संरक्षण टिकवणं अवघड होतं, शिवाय साडेएकोणसाठ वर्षांच्या आधी काढले म्हणून १० टक्के दंड आणि परदेशी रहिवासी म्हणून साधारण ३० टक्के कापून हातात येणार. तुम्ही मेलच्या शेवटी "४०१के तोडून भरू का" असं हळूच विचारलंय ना, तर नका. अजिबात नका.

आणि पगार. एल-वनवर गेलात की तिथल्या पेरोलवर याल आणि वेज गार्निशमेंटची, म्हंजे पगारातून पैसे कापायची ऑर्डर थेट एम्प्लॉयरकडे जाते. फेडरल कायद्याने साध्या कर्जासाठी हातात येणाऱ्या पगाराच्या २५ टक्क्यांपर्यंत कापता येतं. माझ्याकडे एक जोडपं आलं होतं, त्यांनी असंच पाकीट फेकलेलं, चार वर्षांनी परत गेले आणि तिसऱ्या महिन्यात एचआरने बोलावून कागद दाखवला. नवीन जागा, नवीन मॅनेजर, घराचं डिपॉझिट भरायचं बाकी आणि पहिली ओळख ही अशी. पैशापेक्षा त्या दिवसाची लाज त्यांना जास्त लागली होती, ते सांगताना बाईंच्या डोळ्यात पाणी आलेलं मला अजून आठवतंय. तुमच्यावर ते येऊ नये म्हणून एवढं लांबण लावतोय.

बाकी एक भीती मात्र काढून टाका. हे दिवाणी प्रकरण आहे, कार्डाचं कर्ज थकलं म्हणून एअरपोर्टवर अटक होत नाही, व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये कार्डाच्या थकबाकीचा प्रश्नही नसतो.

उत्तरात काय लिहायचं? खोटं काही लिहायचं नाही, हे आधी. कार्ड तुमचं होतं हे तुम्हाला माहितीये, पण या कंपनीने ते कर्ज खरंच विकत घेतलंय का, मधे किती हात बदलले, ११,६४० हा आकडा कुठून आला, हे तुम्हाला माहिती नाही. तेवढं "मला माहिती नाही, सिद्ध करा" असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. अशा कंपन्या कर्जाचे गठ्ठेच्या गठ्ठे मूळ रकमेच्या अगदी थोड्या भागात घेतात, बऱ्याचदा हातात फक्त एक स्प्रेडशीट असते. मूळ बँक कोण, खात्याचे शेवटचे चार आकडे, खरेदीची पूर्ण साखळी, स्टेटमेंट, हे दाखवायची जबाबदारी त्यांची आहे. तुम्ही शेवटची स्टेटमेंट्स जपून ठेवली असतील तर काढा, माझा अंदाज आहे की तुमच्या हिशोबात आणि त्यांच्या आकड्यात फरक निघेल.

मुदतीचा मुद्दा पण वकिलाला विचारा. न्यू जर्सीत अशा करारावर दावा लावायला सहा वर्षं असतात, ऑक्टोबर २०२२ पासून ती अजून संपलेली नाहीत. पण पुष्कळ कार्डांच्या करारात डेलावेअरचा कायदा लागू असं छापलेलं असतं आणि तिथे मुदत तीन वर्षांची. न्यू जर्सीचं कोर्ट तुमच्या केसमध्ये कुठली धरेल हे करार बघूनच वकील सांगेल, मी त्यावर पैज लावणार नाही, पण हा बचाव पहिल्याच उत्तरात लिहावा लागतो, नंतर आठवला तर उपयोग नाही. म्हणून आताच लिहा.

तसंच सर्व्हिसचं. तिथलं कोर्ट समन्स सर्टिफाइड आणि साध्या अशा दोन्ही टपालाने पाठवतं आणि पाकीट परत आलं नाही तर पोचलं असं धरतं. तुमच्या मित्राने ते घेऊन ठेवलं. तुम्ही मात्र तिथे राहतच नाही, पुण्यात राहता, आणि परदेशात समन्स बजावण्याचा जो हेग करार आहे तो भारताला १ ऑगस्ट २००७ पासून लागू आहे, त्यात भारताने टपालाने समन्स पाठवायला हरकत घेतलेली आहे, ते दिल्लीत कायदा मंत्रालयामार्फत यावं लागतं. म्हंजे मुद्दा दमदार आहे. पण खरं सांगू, यावर जिंकलात तरी कर्ज जात नाही, फक्त वेळ जातो आणि त्यांना परत नीट सर्व्हिस करावी लागते. ती त्यांना महागात आणि उशिरा पडते म्हणून तडजोडीच्या टेबलावर हा मुद्दा तुमच्या कामाचा आहे. तोही उत्तरातच लिहायचा, आणि पुढे त्यावर वेगळा अर्ज ठरलेल्या दिवसांत करावा लागतो, ती तारीख वकिलाकडून लिहून घ्या.

वकील म्हटलं की तुम्ही खर्चाला घाबरणार, तर पूर्ण केस द्यायची गरज नाही. तिथे मर्यादित कामापुरता वकील घेता येतो, फक्त उत्तर तयार करून देणं आणि तडजोडीचा कागद तपासणं, ठरलेल्या फीमध्ये. नॅशनल असोसिएशन ऑफ कन्झ्युमर अ‍ॅडव्होकेट्सच्या डिरेक्टरीत न्यू जर्सीचे ग्राहक बाजूचे वकील सापडतील. स्वतः करायचं झालं तरी जेईडीएस (JEDS) नावाची कोर्टाची ऑनलाइन सिस्टिम आहे, वकील नसलेल्यांना त्यावर कागद अपलोड करता येतात, पुण्यात बसून होतं.

आता मिसेसचं म्हणणं. त्यांची घालमेल मला कळते, घरात आजारपण असावं तसं हे पाकीट घरात बसलेलं असतं. पण पूर्ण ११,६४० भरणं म्हणजे जी कंपनी फार थोड्यात घेऊन आलीये तिला सगळं देणं, आणि तुमच्या मुलीच्या दहावी-बारावीसाठी ठेवलेली एफडी त्यात जाणार. मी असतो तर उत्तर दाखल झाल्यावर एकरकमी तडजोडीचं बोलणं साधारण ३५ टक्क्यांपासून सुरू केलं असतं, म्हणजे चारेक हजार डॉलर, आणि ५० टक्क्यांच्या, म्हणजे ५,८२० च्या वर कागद भक्कम निघाल्याशिवाय गेलो नसतो. ३,१०० तिथे आहेतच, वरचे हजार ते पावणेतीन हजार इथून पाठवायचे, एफडीला हात न लावता तुमच्या इमर्जन्सी फंडातून निघतात आणि चार-पाच महिन्यांत तो परत भरता येईल.

इथून पाठवणं कायदेशीर आहे का असंही तुम्ही विचारलंय. आहे. नॉन-रेसिडेंट असताना घेतलेलं परदेशातलं कर्ज परत आल्यावर एलआरएसमधून (परदेशी पैसे पाठवायची आरबीआयची योजना) फेडता येतं, आरबीआयने तसं स्पष्ट म्हटलंय. वर्षाला २,५०,००० डॉलरची मर्यादा आहे, तुमचं तिच्या जवळपासही नाही. आर्थिक वर्षात एकूण १० लाखांच्या आत राहिलात तर टीसीएसही (पैसे पाठवताना बँक कापते तो टॅक्स) कापला जाणार नाही, फक्त त्याच वर्षी दुसरं काही परदेशी पाठवलं असेल तर ते धरून मोजा. बँकेत पॅन आणि परदेशी पैसे पाठवायचा फॉर्म ए२ लागेल, कारण खरं तेच लिहा.

पैसे सुटायच्या आधी सही झालेला कागद हवा. फोनवरचा शब्द चालत नाही. त्या कागदात रक्कम, तारीख, उरलेलं सगळं माफ आणि केस "डिसमिस्ड विथ प्रेज्युडिस" हे शब्द हवेत, म्हंजे हेच कर्ज घेऊन परत कोणी उभं राहू शकत नाही. त्यांचा वकील बहुतेक कन्सेंट जजमेंटचा (तुमच्या संमतीने होणारा निकाल) फॉर्म पुढे करेल आणि हप्त्यांनी भरा म्हणेल, त्यावर सही करू नका, त्यात एक हप्ता चुकला की जजमेंट तयारच असतं. आणि "सध्या विश्वास म्हणून ५० डॉलर तरी टाका" असं म्हणाले तर तेही नको, छोटी रक्कम भरल्याने मुदतीचं घड्याळ पहिल्यापासून सुरू होऊ शकतं. चेकिंग अकाउंटचा नंबर देऊन ऑटो डेबिटला हो म्हणू नका. ते ३,१०० कुठे लपवा असं मी सांगणार नाही, तसं करणं अंगाशी येऊ शकतं, फक्त त्यात नवीन पैसे घालू नका.

माफ झालेली रक्कम ६०० डॉलर किंवा जास्त असेल तर पुढच्या वर्षी १०९९-सी फॉर्म येतो, ती रक्कम अमेरिकन टॅक्समध्ये उत्पन्न धरली जाऊ शकते. माफीच्या वेळी तुमच्या मालमत्तेपेक्षा देणी जास्त असतील तर फॉर्म ९८२ ने सूट मिळते पण ४०१के आणि फ्लॅट धरून तुमचं तसं दिसत नाही. तिथल्या सीपीएला (आपल्याकडच्या सीएसारखा) आधीच विचारा आणि तो टॅक्स तडजोडीच्या आकड्यात मोजा. फॉर्म परत मित्राच्याच घरी जाईल, तेव्हा कागदात पुण्याचा पत्ता घाला.

आणि साताऱ्याला तुमच्या आईंना जे फोन येतायत त्याने मला खरंच राग आला. ७२ वर्षांच्या बाईला "मुलाला पोलीस पकडतील" म्हणायचं? अमेरिकेच्या १९७७ च्या वसुली कायद्याप्रमाणे अशा कलेक्टरला अटकेची खोटी धमकी देता येत नाही, नातेवाइकांना कर्जाबद्दल सांगताही येत नाही, फार तर तुमचा ठावठिकाणा विचारता येतो. मोडला तर १,००० डॉलरपर्यंत भरपाई आणि वकिलाची फी त्यांच्याकडून मागता येते, एका वर्षाच्या आत दावा करावा लागतो. फोनच्या तारखा, वेळा, नंबर, काय बोलले, सगळं एका वहीत लिहा आणि वकिलाला पहिल्याच कॉलमध्ये द्या, तडजोडीत याचंही वजन पडतं. फोन करणारे हेच लोक आहेत की कोणी भामटे, तेही त्यातून कळेल.

आज मित्राला पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा आणि आतल्या प्रत्येक पानाचा फोटो काढायला सांगा, डॉकेट नंबर, म्हंजे केसचा नंबर दिसला पाहिजे. आणि आईंना फोन करून सांगा की पुन्हा कोणी बोललं तर "जे असेल ते मुलाला लेखी पाठवा" एवढंच म्हणायचं आणि ठेवून द्यायचा.